व्हरमाँटमधील काँग्रेस निवडणुका

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील व्हरमाँट राज्यातून काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकी संसदेवर, प्रतिनिधी पाठवण्यासाठी होणाऱ्या निवडणुका. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ६,४३,०७७ भरली. याहून लहान राज्य एकच, वायोमिंग. काँग्रेसचे कनिष्ठ सभागृह असलेल्या प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येनुसार ठरतात. १८१३ ते १८२३ या काळात व्हरमाँटच्या सहा जागा होत्या. त्या घटत घटत १९३३ पासून एकच उरली आणि सारे राज्य एक मतदारसंघ झाले. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, मात्र जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाइतकेच दोन सदस्य.

पक्षापेक्षा माणूस पाहण्याची इथल्या मतदाराची सवय जुनी आहे. राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्यावर टीका केल्याबद्दल प्रतिनिधी मॅथ्यू लायन यांना १७९८ मध्ये राजद्रोहाच्या कायद्याखाली चार महिन्यांची कैद झाली. तुरुंगात असतानाच लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले. १८०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निवडण्याचे काम प्रतिनिधिगृहाकडे आले आणि प्रत्येक राज्याला एकच मत होते, तेव्हा व्हरमाँटच्या दोन प्रतिनिधींची मते परस्परविरोधी असल्याने राज्याचे मत पस्तीस फेऱ्या वाया गेले. छत्तिसाव्या फेरीत दुसरे प्रतिनिधी बाजूला झाले आणि लायन यांच्या एकट्याच्या मताने राज्य उमेदवार थॉमस जेफरसन यांच्या पारड्यात पडले.

१८५० च्या दशकापासून शंभर वर्षे इथे रिपब्लिकन पक्षाचीच सत्ता होती. त्या काळातले सर्वांत लोभस नाव सिनेटर जॉर्ज एकेन. १९६८ च्या निवडणुकीत त्यांचा खर्च झाला १७ डॉलर ९ सेंट! १९५८ मध्ये विल्यम मेयर यांनी प्रतिनिधिगृहाची जागा जिंकून ही परंपरा मोडली, पण दोनच वर्षांत ते हरले. १९७४ मध्ये पॅट्रिक लेही सिनेटवर गेलेले इथले पहिले डेमोक्रॅट ठरले. स्वतःला समाजवादी म्हणवणारे बर्नी सँडर्स १९९० मध्ये अपक्ष म्हणून प्रतिनिधिगृहात आणि २००६ मध्ये सिनेटवर निवडून आले. डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, जिंकून उमेदवारी नाकारायची आणि अपक्ष लढायचे, असे त्यांनी एकाहून अधिक वेळा केले.

प्राथमिक निवडणूक ऑगस्टमध्ये होते. मतदाराची पक्षनिहाय नोंदणी नसते. सर्व प्रमुख पक्षांच्या मतपत्रिका हाती मिळतात, त्यांतली एक भरायची. १९९८ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या सिनेट उमेदवारीसाठी फ्रेड टटल हे वृद्ध गवळी शेतकरी शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधून नुकत्याच आलेल्या एका धनिकाविरुद्ध उभे राहिले. वादसभेत त्यांनी विचारले, गाईला सड किती? प्रतिस्पर्धी म्हणाला, सहा. उमेदवारी टटल यांनी जिंकली आणि मग लोकांना सांगितले, मत डेमोक्रॅट लेहींनाच द्या. दुग्धव्यवसायावर वाढलेल्या राज्यात हा प्रश्न पोरकट नव्हता. बाहेरचा माणूस ओळखण्याची ती खरी कसोटी होती.

मे २००१ मध्ये सिनेटर जिम जेफर्ड्स यांनी रिपब्लिकन पक्ष सोडला. सिनेट तेव्हा ५०-५० अशी दुभंगलेली असल्याने एका माणसाच्या निर्णयाने सभागृहाचा ताबा डेमोक्रॅट पक्षाकडे गेला.

मतदानाचा हक्क इथे फार व्यापक आहे. तुरुंगातील कैदीही मत देतात. तरीही काँग्रेसवर स्त्री पाठवणारे पन्नास राज्यांतले हे शेवटचे राज्य. जागा तीनच, आणि निवडून आलेला माणूस दशकानुदशके टिकतो, हे त्याचे मोठे कारण. ४८ वर्षांनंतर लेही निवृत्त झाले, पीटर वेल्च प्रतिनिधिगृहातून त्यांच्या जागी सिनेटवर गेले, आणि वेल्च यांच्या रिकाम्या जागेवर २०२२ मध्ये बेका बॅलिंट निवडून आल्या.