पार्श्वभूमी: बेळगावच्या बाजारात खायचं कुठं आणि बसायचं कुठं

गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड, बोगारवेस एवढ्या पट्ट्यात काय खायचं हे बेळगावकराला शिकवायला जाऊ नये, कुंदा (इथली दुधाची मिठाई) कुणाचा चांगला यावरून घराघरात दोन पार्ट्या आहेत त्या तशाच राहू देत. पण बाहेरून येणारे पाव्हणे एक हमखास विचारतात, की एवढा मोठा बाजार, मग फॅमिलीला घेऊन निवांत बसून जेवायचं म्हटलं की सगळे टिळकवाडी नाहीतर हायवेकडं का पाठवतात, आणि बार मात्र असल्या बोळात का, जिथं दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला रिव्हर्स घ्यावा लागतो. यात आचाऱ्याचा हात कमी आणि सरकारी कागदाचा जास्त, असं माझं मत.

जुनं थोडक्यात सांगतो. १८१८ ला किल्ला इंग्रजांकडं गेला, १८३२ ला कॅन्टोन्मेंट झालं, आणि पलटणीच्या मागोमाग कॅम्पात बेकऱ्या, मटण-बीफची दुकानं, चहाची हॉटेलं आली. कॅम्पाचे नियम आजही वेगळे. शहापूर तर सांगली संस्थानात होतं, म्हणजे आज रिक्षानं दहा मिनिटांत जिथून जिथं जातो तिथं तेव्हा गाव, कॅम्प आणि शहापूर असे तीन वेगळे कारभार. रेल्वे आल्यावर स्टेशनजवळ लॉज-खानावळी उभ्या राहिल्या. बस, एवढं पुरे.

दारूचं बघा. मुंबई राज्यानं १९४९ चा दारूबंदी कायदा केला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होतं, म्हणजे इथं उघड बार असायचा प्रश्नच नव्हता. पलीकडं गोवा पोर्तुगीजांचा, तिथं दारू मोकळी. मधे खानापूरचं जंगल. पुढचं सांगायला नको, आजही अबकारीवाले कणकुंबी-चोर्ला बाजूला गाड्या अडवतातच. १९५६ ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला (त्याबद्दल इथं लिहीत बसत नाही, ते दुखणं सगळ्यांना ठाऊक आहे), साठच्या दशकात तिकडची बंदी उठली आणि १९६५ च्या अबकारी कायद्याखाली लायसन्सं मिळायला लागली. बाजारातल्या जुन्या बारांचं मूळ या काळापासून पुढचं.

आता खरी गाठ. कर्नाटकात दारूच्या लायसन्सला सीएलचे नंबर असतात. सीएल-२ म्हणजे दुकान, बाटली घ्या आणि चालू लागा, तिथं बसून प्यायची परवानगी नाही (उभं राहून पिणारे किती आहेत ते संध्याकाळी जाऊन बघा). सीएल-९ म्हणजे बार अँड रेस्टॉरंट, तिथं बसूनच प्यायची, पार्सल नाही. सीएल-७ म्हणजे लॉजिंग-बोर्डिंगला जोडलेला बार. सरकारनं १९९२ पासून सीएल-२ आणि सीएल-९ नवीन द्यायचं बंद केलं. कारण काय तर दारू वाढू नये. गाव कितीतरी पसरलं तरी लायसन्सं तेवढीच, मग त्या कागदाला सोन्याचा भाव आला. ज्याच्याकडं आहे तो सोडत नाही, चालवत नसला तरी दुसऱ्याला चालवायला देतो, ट्रान्सफरचा रेट तर चारचौघात कुणी बोलत पण नाही. हॉटेल काढणारा चांगला आचारी असून उपयोग नाही, आधी कागद पाहिजे.

त्यात शंभर मीटरचा नियम. देऊळ, मशीद, शाळा, हॉस्पिटल, सरकारी ऑफिस यांच्यापासून शंभर मीटरच्या आत नवीन जागेला परवानगी नाही. आपल्या बाजारात शंभर मीटरमधे यातलं काहीच लागत नाही अशी जागा कुणी दाखवावी, मी चहा पाजतो. म्हणून जो बार जिथं आहे तो तिथंच चिकटून बसला, कारण एकदा हलला की परत गावात यायची वाट बंद. बोळातले ते अंधारे, पडदे लावलेले, बाहेर शेंगदाणे-अंड्याच्या गाड्या असलेले बार टिकले ते असे. मालकाला जागा आवडते म्हणून टिकले असं कुणी समजू नये.

सीएल-७ चा दरवाजा मात्र उघडा राहिला. ठराविक खोल्या दाखवल्या की झालं. मग ज्याला बार काढायचा तो आधी लॉज बांधणार, खोल्या भरोत न भरोत. बेळगावात लॉज एवढी का असं विचारणाऱ्याला हे अर्धं उत्तर, उरलेलं अर्धं कर्नाटक विधिमंडळाच्या डिसेंबरच्या अधिवेशनाचं. २००६ ला इथं पहिलं अधिवेशन भरलं, २०१२ ला सुवर्ण विधानसौधचं उद्घाटन झालं, तेव्हापासून वर्षातले ते थोडे दिवस खोली मिळत नाही आणि बाकीचं वर्ष खालचा बार वरच्या खोल्यांना पोसतो. सारायी म्हणजे पाकिटातली गावठी २००७ च्या जुलैत राज्यभर बंद झाली, तो गिऱ्हाईक पण मग सीएल-२ च्या रांगेत आला.

२०१६ च्या १५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद असा निकाल दिला. लहान गावांसाठी नंतर २२० मीटर केले. आपल्याकडं लायसन्सचं वर्ष जूनअखेर संपतं म्हणून झळ लागली १ जुलै २०१७ ला, राज्यात हजारो दुकानं-बार एका दिवसात बंद. हेतूला कोण नाव ठेवणार, रात्री ट्रक चालवणाऱ्याला दारू मिळू नये. पण जुना पीबी रोड (पुणे-बेंगळूरु रस्ता) गावाच्या पोटातून जातो, बायपास झाल्यावर त्याला हायवे म्हणायचं का शहरातला रस्ता? खानापूर रोड म्हणजे गोव्याचा नॅशनल हायवे, तो टिळकवाडीतून जातो. आणि ५०० मीटर मोजायचे सरळ रेषेत का रस्त्यानं फिरून, यावर अख्ख्या देशात वकिलांची चंगळ झाली, काही ठिकाणी लोकांनी मुद्दाम वळणाची वाट बांधून अंतर वाढवलं म्हणे. ११ जुलैला कोर्टानंच सांगितलं की म्युनिसिपल हद्दीतल्या लायसन्सना तो आदेश आडवा येत नाही, मग हळूहळू शटरं उघडली. यात वेटर, भांडी घासणारी पोरं, चाखण्याच्या गाडीवाले यांचं काय झालं ते कुणी मोजलं नाही. मला विचाराल तर दारू कमी करायची होती तर ९२ चा निर्णय पण फसला आणि १७ चा पण, फक्त कागदवाल्यांची किंमत वाढली.

जेवणाचं या सगळ्यात काय झालं तर दोन तुकडे झाले. उडप्यांची हॉटेलं आणि शुद्ध शाकाहारी खानावळी सकाळपासून चालतात, इडली-वडा, पुरीभाजी, ज्वारीची भाकरी, एण्णेगायी म्हणजे भरली वांगी, शेंगाचटणी, तिथं बायका-पोरं बिनघोर जातात. मटण खायचं तर सावजी खानावळ, कोल्हापुरी तांबडा-पांढरा, नाहीतर कॅम्प-खडेबाजारकडची बिर्याणी. पण मटण आणि बार गावात एकत्र आले, त्यामुळं नुसतं मटण खायला बाईमाणसाला न्यायचं म्हटलं की गडी दोनदा विचार करतो. मासे गोव्याहून, वेंगुर्ल्याहून येतात, ताजे मिळतात, पण सुरमई थाळी चांगली लागते ती बहुतेक लायसन्सवाल्याकडंच.

स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत २०१६ ला बेळगावचं नाव आलं, मग वर्षानुवर्षं रस्ते उकरलेले, गिऱ्हाईक बाजाराकडं फिरकेना. गाड्यावाल्यांना एकत्र जागा म्हणून गोवावेसला खाऊ कट्टा केला, कल्पना चांगली. पण गाळे घरच्यांच्या नावानं घेतले म्हणून २०२५ ला दोन नगरसेवकांचं सदस्यत्व रद्द करायचा आदेश निघाला आणि खाऊपेक्षा कोर्टाचीच चर्चा जास्त झाली. ज्यांच्यासाठी केलं ते पाणीपुरीवाले बरेचसे अजून रस्त्यावरच. २०२४ ला फलकावर साठ टक्के कन्नडचा कायदा आला, तेव्हा सगळ्यात आधी बाजारातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर नजर गेली, मराठी अक्षरं बारीक झाली, आतलं मेनूकार्ड मात्र बऱ्याच ठिकाणी मराठीतच.

राज्याच्या २०२५-२६ च्या बजेटमधे दारूची लायसन्सं ई-लिलावानं द्यायचं जाहीर झालं. वशिला कमी होईल हे खरं. पण लिलावात बोली लावायची ताकद बोळातल्या जुन्या मालकाकडं नाही, बेंगळूरु-हुबळीकडच्या पैशेवाल्याकडं आहे, आणि त्याला मारुती गल्लीत काय करायचंय, तो पार्किंग असलेली जागा बघणार.