चोळण्याआधी बोट ठेवून बघा

खो मिळताच पोरगी उसळते, खांबाजवळ गर्रकन वळते आणि पाऊल आत दुमडतं. सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला, त्या धाराशिवकडं हे दृश्य नवं नाही. त्यानंतर काय होतं तेही ठरलेलं. कुणीतरी घोटा धरून करकचून चोळतं, घरी आंबेहळदीचा लेप लागतो. लेपाशी माझं भांडण नाही. चोळण्याशी आहे.

पाऊल आत वळलं की घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे (लिगामेंट), ताणले जातात, कधी फाटतात. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. लेकरांचं गणित वेगळं असतं. त्यांच्या हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा, म्हणजे अजून हाड न झालेला मऊ थर, असते, तिथंच हाड लांबीला वाढतं. ही कूर्चा अस्थिबंधापेक्षा नाजूक. त्यामुळं ज्या झटक्यात बापाचा पाय नुसता मुरगळेल, त्याच झटक्यात लेकराच्या कूर्चेला इजा होऊ शकते. ती एक्स-रेवर हाडासारखी उमटत नाही, म्हणून ‘फोटो नॉर्मल आला’ एवढ्यावर डॉक्टर थांबत नाहीत. बोटानं दाबून बघतात.

ही बोटाची परीक्षा १९९२ साली कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी नियमात बसवली. घोट्याच्या दोन्ही बाजूंना जी हाडं वर येतात, त्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, दाबल्यावर दुखतं का? लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का? हाड दुखत असेल किंवा चार पावलं पडत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीच्या रेषेत मधोमध एक उंचवटा लागतो, तिथं दुखलं तरी काढायचा. मऊ भागच दुखत असेल, तर बहुधा अस्थिबंध.

टाच दुखते म्हणणारं दहा-बारा वर्षांचं पोरगं ही वेगळीच गोष्ट. पाय कुठं मुरगळलेला नसतो, पण टाच दोन्ही बाजूंनी दाबली की ते कळवळतं. टाचेच्या वाढकूर्चेला पोटरीचा स्नायू सारखा ओढत असतो. १९१२ साली सेव्हर या अमेरिकी डॉक्टरानं हे दुखणं वर्णन केलं. आपल्याकडं पोलीस भरतीच्या सोळाशे मीटरसाठी थोरला भाऊ पहाटे डांबरी रस्त्यावर पळतो, धाकटं त्याच्यामागं, पायात पातळ तळव्याचे बूट. पळणं कमी करायचं, टाचेखाली मऊ गादी, पोटरीला ताण देणारे व्यायाम. वाढ पूर्ण झाली की हे दुखणं जातं. मार न लागता घोटा सुजला, ताप आला किंवा रात्री दुखण्यानं झोप मोडली, तर वाट बघू नये.

मुरगळल्यावर पहिले दोन-तीन दिवस क्रेप बँडेज, पाय उशीवर, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं. पुढं महिनाभर खाटेवर पाडून ठेवणं ही मात्र चूक. अस्थिबंधात पाऊल कसं टेकलंय हे मेंदूला कळवणाऱ्या नसांची टोकं असतात. इजेनंतर तो निरोप उशिरा पोचतो, म्हणूनच तोच पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. दुखणं ओसरताच दात घासताना त्या एका पायावर उभं राहायचं, जमलं की डोळे मिटून. मग त्याच पायावर लंगडीच्या उड्या, मग मैदानावर इंग्रजी आठच्या आकारात पळणं. न दुखता हे जमलं की खांबाजवळचं वळण.