परीक्षेचा निर्णय वर, फोन मात्र विभागप्रमुखाला

कोरोनाच्या बॅचला फुकट मार्क मिळाले असं अजूनही कुणीतरी सहज बोलून जातं, मला ते खरंच लागतं, म्हणून तेव्हा काय घडलं ते जरा सविस्तर लिहितोय.

13 मार्च 2020 ला महाराष्ट्र सरकारने साथरोग कायदा लागू केला. हा कायदा 1897 चा, मुंबईत प्लेग आला तेव्हा इंग्रजांनी घाईघाईत केलेला. लॉकडाऊन आला तो 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली. दोन्हीत अधिकार सरकारचे, आणि परीक्षेचं बघणार यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. मधल्या विभागप्रमुखाच्या हातात यातलं काहीच नव्हतं.

29 एप्रिलला यूजीसीने सांगितलं की शेवटच्या वर्षाच्या परीक्षा जुलैमध्ये घ्या, खालच्या वर्गांच्या घेता आल्या नाहीत तर 50 टक्के इंटर्नलचे आणि 50 टक्के मागच्या सेमिस्टरचे मार्क धरा, पीएचडीवाल्यांना सहा महिने वाढवून द्या. कागदावर सोपं होतं हो. पण इंटर्नलच्या याद्या डिपार्टमेंटच्या कपाटात, चावी शिपायाकडे आणि शिपाई गावी अडकलेला, अशी गत कित्येक ठिकाणी होती.

मग राज्य सरकार म्हणालं अंतिम वर्षाची परीक्षा नको, राज्यपाल म्हणाले घ्याच, 6 जुलैला यूजीसी म्हणाली सप्टेंबरअखेर घ्या, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. 28 ऑगस्टला निकाल लागला: राज्याला तारीख पुढे मागता येईल पण परीक्षेशिवाय पास करता येणार नाही. एवढे महिने पोरं रोज विचारत होती, "सर, परीक्षा होणार का?" आणि सरांना स्वतःलाच माहीत नव्हतं, तरी फोन उचलावा लागायचा, कारण कुणाच्या घरी पेशंट, कुणाची नोकरीची ऑफर निकालावर अडकलेली. मला वाटतं त्या वर्षी विभागप्रमुखांनी केलेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि त्याची कुठे नोंदही नाही.

ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन एमसीक्यू परीक्षा झाल्या. ज्या विषयांत वर्षानुवर्षं पानंच्या पानं उत्तरं लिहायची सवय, तिथेही घाईत बहुपर्यायी प्रश्न काढावे लागले, आणि रेंज नसलेल्या गावातली पोरं टेकडीवर, झाडाखाली बसून पेपर देत होती.

15 फेब्रुवारी 2021 ला कॉलेजं निम्म्या क्षमतेने उघडली, दुसऱ्या लाटेत बंद झाली, मग थेट 20 ऑक्टोबरला परत सुरू झाली. 2020 ला एमएला आलेल्या पोरांना आपला वर्ग नीट बघायला मिळाला तो दुसऱ्या वर्षाला आल्यावरच.