कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी: खोल्या नंतर बांधा, आधी सातबारा काढा

शेतात दोन खोल्या बांधल्या, रस्त्यावर पाटी लावली, चुलीवरच्या भाकरीचा व्हिडिओ टाकला की कृषी पर्यटन केंद्र सुरू झाले, असे पुष्कळांना वाटते. पाहुणे येतातही. अडचण येते ती बँकेत कर्ज मागताना. तिथे पहिला प्रश्न असतो, ‘नोंदणी प्रमाणपत्र आहे का?’

हे प्रमाणपत्र राज्य शासनाचे पर्यटन संचालनालय देते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने कृषी पर्यटन धोरण आणले, तेव्हापासून नोंदणीचे काम या संचालनालयाकडे आहे. अनेक जण सवयीने एमटीडीसीच्या कार्यालयात जातात. एमटीडीसी म्हणजे पर्यटन विकास महामंडळ, आणि महामंडळाचे मुख्य काम पर्यटक निवास चालवणे हे आहे. नावे सारखी वाटत असली तरी ही दोन वेगळी कार्यालये आहेत. आपल्या महसुली विभागासाठी संचालनालयाचे कोणते विभागीय कार्यालय आहे, ते आधी पाहून ठेवा.

एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो. नोंदणी म्हणजे अनुदान नव्हे. अर्ज मंजूर झाला म्हणून खात्यात पैसे येत नाहीत. प्रमाणपत्राचा उपयोग बँक कर्जासाठी होतो. शेततळे, फळबाग, हरितगृह अशा कृषी विभागाच्या योजना मागताना तुमची बाजू भक्कम होते, आणि सहल आणणाऱ्या शाळेला किंवा कंपनीला दाखवायला शासनाचा कागद हातात राहतो. ‘नोंदणी करा, लाखोंचे अनुदान मिळवा’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

कोणाला करता येते?

वैयक्तिक शेतकऱ्याला करता येते. शेतकऱ्यांच्या कृषी सहकारी संस्था, त्यांनी स्थापन केलेल्या भागीदारी संस्था व कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे, कृषी महाविद्यालये आणि विद्यापीठेही पात्र आहेत. जमीन किमान एक एकर हवी, म्हणजे अल्पभूधारकालाही दार बंद नाही. मात्र तिथे शेती खरोखर चालू असली पाहिजे. लॉन, जलतरण तलाव आणि कडेला शोभेची चार केळी, एवढ्यावर ते रिसॉर्ट होते. पाहणीला येणारा माणूस गोठा बघतो, पीक बघतो, राहण्याजेवणाची सोय बघतो. हंगामात भातलावणी, हुरडा किंवा द्राक्षतोडणी दाखवता येत असेल तर अर्जात तसे स्पष्ट लिहा. गावातले कुंभार, सुतार, दशावतारी किंवा भजनी मंडळ कार्यक्रमात असतील, तर तेही लिहा. पाहुण्यांचा पैसा एका घरात न थांबता गावात फिरतो, तो याच वाटेने.

कागदपत्रे

यादी लहान आहे: सातबारा, आठ अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनीचा एकत्रित उतारा), आधार कार्ड, पॅन कार्ड, वीजबिल, जेवण देणार असाल तर अन्न परवाना, आणि शुल्क भरल्याचे चलन. संस्था किंवा कंपनी असेल तर तिच्या नोंदणीचा कागद आणि अर्ज कोणी करायचा याचा ठराव तयार ठेवा.

खरे काम सातबाऱ्यावर असते. आजोबा जाऊन वीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव, किंवा वारसनोंद झाली पण तीन काका आणि दोन आत्या सहहिस्सेदार, हे चित्र घरोघरी आहे. आधी तलाठ्याकडे वारसनोंद पूर्ण करा. सहहिस्सेदार असतील तर सर्वांचे संमतिपत्र करून घ्या. आत्या मुंबईत असेल तर गणपतीला गावी येईल तेव्हाच सही घ्या, म्हणजे पुढे वाद नको. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर एक वीट रचण्यापूर्वी तहसील कार्यालयात विचारा. ई-पीक पाहणीत, म्हणजे शासनाच्या मोबाइल ॲपवर, पिकाची नोंदही करून ठेवा. ‘येथे शेती होते’ याचा तो सर्वांत सोपा पुरावा. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो.

महाबळेश्वर-पाचगणी किंवा माथेरानच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात जमीन असेल, तर बांधकामाचे नियम वेगळे आणि कडक आहेत. महाबळेश्वर-पाचगणीची अधिसूचना २००१ ची, माथेरानची २००३ ची. अभयारण्यालगतच्या गावांनीही वन विभागाकडे चौकशी करावी. पर्यटन नोंदणी मिळाली म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली असे होत नाही.

अर्ज आणि शुल्क

पहिल्या नोंदणीचे शुल्क २,५०० रुपये. ते ‘ग्रास’ या शासकीय प्रणालीतून भरायचे. चलनावरचे नाव अर्जावरच्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे. मुलाच्या खात्यातून पैसे भरले तरी चलनावर अर्जदार म्हणून वडिलांचेच नाव टाका. अर्ज पर्यटन संचालनालयाच्या संकेतस्थळावरून करता येतो. कागद तपासले जातात, मग जागेची पाहणी, मग प्रमाणपत्र. पाहणीच्या दिवशी स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक नळकांडे जागेवर असू द्या. विहिरीला कठडा नसेल तर त्याआधी बांधून घ्या. शहरातली मुले विहीर दिसली की धावत जातात.

अन्न परवान्याचे नाव ऐकून घाबरू नका. घरगुती प्रमाणात जेवण देणाऱ्या छोट्या व्यवसायाला मोठा परवाना लागत नाही, साधी अन्न नोंदणी पुरते. ती फॉस्कॉस या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. स्वयंपाक घरातल्या बाईच्या हातचा असेल तर नोंदणीही तिच्याच नावे करा, असे माझे मत आहे. कष्ट तिचे असतात, मग कागदावर नाव दुसऱ्याचे कशाला?

हिशेबाची वही पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा. खोलीभाडे आणि जेवणाचे पैसे प्राप्तिकराच्या दृष्टीने शेती उत्पन्नात धरले जात नाहीत. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर त्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) चोवीस तासांच्या आत ऑनलाइन भरावा लागतो, मग तो तुमच्या भाच्याचा अमेरिकेतला मित्र का असेना.

नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी होते, शुल्क १,००० रुपये. मुदतीची तारीख प्रमाणपत्रावर असते, पण ते फ्रेम करून भिंतीवर गेले की कोणी वाचत नाही. फोनमध्ये दोन महिने आधीची आठवण लावून ठेवा.