१९१५ च्या आधी तुर्कस्तानात काय काय घडून गेलं होतं

आर्मेनियन हत्याकांडाचा, म्हणजे पहिल्या महायुद्धात ऑटोमन (तुर्की) राज्याने आपल्याच ख्रिश्चन आर्मेनियन प्रजेच्या केलेल्या संहाराचा, विषय निघाला की लोक एकतर थेट १९१५ पासून सुरू करतात, नाहीतर मुसलमान-ख्रिश्चन पूर्वापार वैर म्हणून मोकळे होतात. मला दोन्ही पटत नाही. ऑटोमन राज्यात ख्रिश्चन दुय्यम होते हे खरंच, पण आपल्या चर्चखाली त्यांचा कारभार चालायचा, आणि आर्मेनियनांना तर दरबारी 'निष्ठावान समाज' म्हणायचे.

बिनसलं १८७८ नंतर. रशियाकडून हरल्यावर बर्लिनच्या तहात ६१ वं कलम आलं, आर्मेनियन प्रांतांत सुधारणा करा म्हणून. युरोपने कागद लिहून दिला आणि हात झटकले, राजधानी इस्तंबूलला मात्र आर्मेनियन परक्यांचे हस्तक वाटायला लागले. मग सुलतान अब्दुल हमीदच्या राज्यात १८९४-९६ च्या कत्तली. १९०८ ला तरुण तुर्कांची (सुलतानाच्या एकहाती कारभाराविरुद्ध उठलेल्या सुधारणावाद्यांची) क्रांती झाली तेव्हा आर्मेनियन पक्षही त्यांच्यासोबत होते, समान नागरिकत्वाच्या घोषणा चालू होत्या, आणि लगेच १९०९ ला दक्षिणेकडच्या अदाना शहरात हजारो आर्मेनियन मारले गेले.

पण माझ्या मते खरा घाव १९१२-१३ च्या बाल्कन युद्धांचा. युरोपातला जवळजवळ सगळा मुलूख गेला, त्यात सालोनिका पण, जिथे या तरुण तुर्कांची चळवळ वाढली ते शहर. तिकडून मुसलमान निर्वासितांचे लोंढे आले, लाखोंनी, मार खाऊन, घरदार सोडून (त्यांच्यावरचे अत्याचारही खरेच होते, ते कोणी फारसं सांगत नाही). जानेवारी १९१३ ला बंड करून सत्ता घेतलेल्या तलत आणि एन्व्हर या तरुण तुर्क पुढाऱ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आता अनातोलिया (तुर्कस्तानचा आशियातला मुलूख) तरी हातची जाऊ द्यायची नाही, आणि पुढची फाळणी आर्मेनियनच करणार. त्यात फेब्रुवारी १९१४ ला रशियाने पूर्वेकडच्या प्रांतांवर दोन परदेशी निरीक्षक नेमायचा करार गळ्यात मारला. म्हणजे संशयाला पुरावाच मिळाला.

पुढे महायुद्ध, रशियाच्या आघाडीवर सारिकामिशला बर्फात एन्व्हरची फौज संपली, खापर आर्मेनियनांवर. २४ एप्रिल १९१५ ला इस्तंबूलमधले लेखक, पुढारी उचलले, मे अखेर हद्दपारीचा कायदा. पूर्वेकडच्या वान शहरात आर्मेनियनांनी शस्त्रं उचलली हे कारण अजून दिलं जातं, पण मग आघाडीपासून शेकडो मैल लांबच्या बुर्सा, अंकाराकडच्या बायकापोरांना सीरियाच्या वाळवंटात का हाकललं? मेलेल्यांचे अंदाज साधारण ६ लाख ते १५ लाख. असिरियन आणि ग्रीकही याच लाटेत सापडले.

(शाळेत आम्ही ऑटोमन सुलतानाच्या खलिफापदासाठी भारतात झालेली खिलाफत चळवळ शिकलो, तिची मध्यवर्ती कमिटी मुंबईतच होती, पण त्या धड्यात आर्मेनियनांचं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही.)

आणि मालमत्तेचा भाग विसरू नका. सप्टेंबर १९१५ ला 'सोडून दिलेल्या' मालमत्तेचा कायदा केला, घरं, शेतं, दुकानं सरकारजमा, आणि त्यातली बरीच दिली कोणाला, तर बाल्कनमधून आलेल्या त्याच निर्वासितांना.