जपान सरकारने घरोघरच्या राउटरवर पासवर्ड का टाकून पाहिले?

२० फेब्रुवारी २०१९ रोजी जपानमध्ये 'नोटिस' ही मोहीम सुरू झाली. एनआयसीटी ही सरकारी संशोधन संस्था देशातल्या सुमारे २० कोटी आयपी पत्त्यांवर (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचे क्रमांक) राउटर, वेबकॅम वगैरे शोधणार होती आणि सापडलेल्या यंत्रांवर शंभरेक सोपे पासवर्ड टाकून लॉगिन होतं का ते पाहणार होती. तेही घरमालकाला न विचारता.

बाहेरून यंत्राचे पोर्ट, म्हणजे जोडणीसाठीची क्रमांकित दारं, चाचपण्याचं तंत्र जुनंच. त्यासाठीचं एनमॅप हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. पण सगळं इंटरनेट पालथं घालायचं म्हणजे वेळखाऊ काम होतं. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे त्याहून वेगवान सॉफ्टवेअर आणलं, आणि वेगवान जोडणी असलेल्या एकाच संगणकावरून आयपीव्ही४ चे, म्हणजे आयपी पत्त्यांच्या जुन्या, रूढ पद्धतीतले, सगळे सार्वजनिक पत्ते ४५ मिनिटांच्या आत तपासता येऊ लागले. 'माझ्या राउटरकडे कोण कशाला बघतंय?' हा दिलासा तिथेच संपला.

त्याचा फटका २०१६ मध्ये बसला. मिराई हा बॉटनेट (दूरून ताबा मिळवलेल्या यंत्रांचं जाळं) टेलनेटचे, म्हणजे दूरून लॉगिन करण्याच्या जुन्या सोयीचे, २३ आणि २३२३ हे पोर्ट उघडे आहेत का ते पाही आणि कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या लावून बघे: 'अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन', 'रूट-१२३४५६'. एवढ्यावर लाखो कॅमेरे आणि राउटर त्याच्या हाती लागले. २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर डाइन या डीएनएस कंपनीवर (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी सेवा) हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स अनेकांना उघडेनात.

टोकियो ऑलिंपिक तोंडावर असलेल्या जपानने याची धास्ती घेतली. पण दार वाजवणं वेगळं आणि किल्ली लावून पाहणं वेगळं. परक्या यंत्रावर पासवर्ड टाकून शिरणं तिथे गुन्हा आहे. म्हणून २०१८ मध्ये कायदा बदलून एनआयसीटीला पाच वर्षांची मुभा दिली गेली. कमकुवत यंत्र सापडलं की इंटरनेट कंपनीला कळवायचं आणि कंपनीने ग्राहकाला. गुपचूप स्कॅनिंगपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक होतं. तरी सरकारने न विचारता नागरिकाच्या घरातल्या यंत्रात लॉगिन करणं मला खटकतंच.

जून २०१९ मधल्या पहिल्या आकडेवारीत पासवर्ड विचारणारी तीस-चाळीस हजार यंत्रं सापडली होती, त्यांतल्या १४७ मध्ये शिरता आलं. मूळ दोष मात्र सगळ्यांना एकच पासवर्ड देणाऱ्या उत्पादकांचा. त्यांना वेसण एप्रिल २०२० पासून बसली: इंटरनेटला थेट जोडल्या जाणाऱ्या नव्या उपकरणांत मूळ पासवर्ड बदलायला लावण्याची आणि सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याची सोय जपानमध्ये सक्तीची झाली.