आधी पाइप, मग पंप

कोकणात सड्यावर किंवा डोंगरउतारावर घर बांधले आणि विजेचा खांब तिथवर पोहोचत नसेल, तर सौर पॅनलवर दिव्यांची सोय करणे फारसे अवघड नसते. खरी परीक्षा पाण्याची असते. विहीर खाली वहाळाजवळ आणि घर वर, अशीच बहुतेक जागांची रचना असते. घरमालक बहुधा वीज असलेल्या शेजाऱ्याकडे पाहिलेला एक अश्वशक्तीचा मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात असलेला पंप, आधी घेतो आणि उरलेल्या पैशांत बसेल तो पाइप टाकतो. माझ्या मते हा क्रम उलटा आहे.

एक घर धरून हिशेब करू. मे महिन्यातल्या विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उभी चढण २० मीटर, पाइपची लांबी १०० मीटर आणि पाच माणसांची रोजची गरज सढळपणे १,००० लिटर. एवढे पाणी एवढ्या उंचीवर नेण्यासाठी निव्वळ ऊर्जा लागते ती ५५ वॉट-तास. लहान पंप आणि त्याची मोटर मिळून त्यांना दिलेल्या ऊर्जेपैकी पाव हिस्साच पाण्याला देतात असे धरले, तरी खर्च २२० वॉट-तासांच्या घरात राहतो, म्हणजे जुना ७५ वॉटचा पंखा तीन तास फिरवण्याइतका. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट, आणि अशी मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. त्या एका क्षणासाठी इन्व्हर्टर मोठा घ्यावा लागतो, त्याच्यासाठी बॅटरी मोठी, आणि खर्च वाढत जातो. टाकी वीस मिनिटांत भरण्याची घाई नसेल, तर यातले काहीच लागत नाही. पाच तासांच्या उन्हात १,००० लिटर चढवायचे तर मिनिटाला साडेतीन लिटरसुद्धा पुरतात.

या संथपणाचा मोठा फायदा पाइपमध्ये दिसतो. वाहते पाणी पाइपच्या भिंतींशी घासते, आणि त्या घर्षणावर मात करण्यासाठी पंपाला जणू आणखी काही मीटर चढण चढावी लागते. मिनिटाला २० लिटर पाणी आतून २० मिलिमीटर व्यासाच्या १०० मीटर पाइपमधून ढकलले, तर ही जादा चढण सुमारे ७ मीटर भरते. आतला व्यास २६ मिलिमीटर केला की ती २ मीटरवर येते आणि ३२ केला की एका मीटरच्याही खाली जाते. प्रवाह तोच ठेवून व्यास निम्मा केला, तर घर्षण जवळजवळ तीसपट होते. उलट, व्यास तोच ठेवून प्रवाह २० वरून ५ लिटरवर आणला, तर ते अकरा-बारापट घटते. पंप दहा वर्षांत बदलता येतो, पण जांभा फोडून पुरलेला पाइप कोणी हौसेने उकरत नाही. म्हणून तो एक माप मोठाच घ्यावा.

दुकानात मात्र मापांचा घोळ असतो. काळा एचडीपीई, म्हणजे चिवट प्लास्टिकचा, पाइप बाहेरच्या व्यासाने मोजतात. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो ३२ मिलिमीटरचा पाइप भिंतीच्या जाडीनुसार आतून २६ च्या आसपास भरतो, तर ‘पाऊण इंची’ २५ चा पाइप आतून जेमतेम २०. लोखंडी जीआय पाइपचे माप आतल्या मार्गाला धरून सांगतात. त्यामुळे तुकडा हातात घेऊन आत पट्टी धरणे हाच भरवशाचा उपाय. उघड्या उतारावर टाकायला काळा एचडीपीई उत्तम, कारण त्यात मिसळलेली काजळी अतिनील किरणांपासून त्याचे रक्षण करते, आणि त्याचे लांब वेटोळे मिळत असल्याने जोड कमी लागतात. पांढरा पीव्हीसी उन्हात काही वर्षांत ठिसूळ होतो. तो पुरावा किंवा रंगवावा. सौरबंबाच्या गरम पाण्यासाठी साधा पीव्हीसी चालत नाही, तिथे उष्णता सोसणारा सीपीव्हीसीच हवा.

आता पंप. काठावर ठेवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात पाइपमधला दाब कमी होतो आणि विहिरीच्या पाण्यावर दाबणारी हवा ते वर ढकलते. समुद्रसपाटीला ही हवा पाण्याचा १०.३ मीटर उंचीचाच स्तंभ तोलू शकते; महाबळेश्वरच्या उंचीवर नऊ मीटरसुद्धा नाही. फूट व्हॉल्व्ह (पाइपच्या तळाची, पाणी परत जाऊ न देणारी झडप) आणि जोडांमधली गळती धरता सहा-सात मीटर ही व्यवहारातली मर्यादा. दिवाळीत चार मीटरवर पाणी पाहून बसवलेली मोटर एप्रिलमध्ये हवा घेऊ लागते, ती यामुळेच. पाण्यात बुडवलेल्या पाणबुडी पंपाला ही अडचण नसते.

पाणबुडी पंपातही निवड आहे. पंख्याच्या चक्रावर चालणाऱ्या पंपाचा वेग निम्मा झाला की त्याची चढवण्याची ताकद चौथाई होते. २४ मीटरचा पंप ढगाळ सकाळी ६ मीटरवरच अडकतो आणि टाकीत थेंबही पडत नाही. रबरी नळीत फिरणाऱ्या स्क्रूचा पंप मंद उन्हात कमी पाणी देतो, पण चढवतो पूर्ण उंचीवर. बॅटरीशिवाय थेट पॅनलवर चालवायचा तर मी हाच घेईन. मात्र त्याच्या पुढे बंद होणारा व्हॉल्व्ह ठेवू नये, नाहीतर पाइप फाटतो. आणि कोरडा चालला तर रबर जळते, म्हणून विहिरीत पाण्याची पातळी सांगणारा सेन्सर हवा.

पाइपचा नियम तारेलाही लागू आहे. १२ व्होल्टवर १०० वॉटचा पंप आठ अँपिअरहून जास्त प्रवाह घेतो. विहीर ४० मीटर दूर असेल आणि तांब्याची तार अडीच चौरस मिलिमीटरची असेल, तर जाण्यायेण्याच्या ८० मीटर तारेतच साडेचार व्होल्ट संपतात. त्याच तारेवर ४८ व्होल्टचा पंप लावला, तर नुकसान सव्वा व्होल्टच्या आत राहते.

वहाळ बारमाही असेल, तर वीजही लागत नाही. फुग्यातून माणूस उडवणाऱ्या माँगोल्फिए बंधूंपैकी जोसेफ यांनी १७९६ मध्ये हायड्रॉलिक रॅम बनवला. उतरत्या पाइपमधून वेगाने येणारे पाणी झडप धाडकन बंद करते, त्या धक्क्याने थोडे पाणी वर ढकलले जाते, झडप उघडते आणि पुन्हा तेच. दोन मीटरच्या उतारावर मिनिटाला ६० लिटर मिळत असतील, तर त्यातले साडेतीन लिटर २० मीटरवर पोहोचतात आणि बाकीचे वहाळात परत जातात. रात्रंदिवस टकटक सुरू राहते, आणि दिवसाला ५,००० लिटर होतात. शिमग्यापर्यंत आटणाऱ्या वहाळावर मात्र हा खटाटोप व्यर्थ आहे.

टाकी घराच्या छपरावर न ठेवता मागच्या उतारावर दहा मीटर उंच ठेवता आली, तर नळांना एक बार दाब आपोआप मिळतो आणि प्रेशर पंप वगळता येतो. टाकी छपरावर, शॉवरपेक्षा जेमतेम तीन मीटर उंच असेल, तर टाकीपासूनची मुख्य नळी सव्वा इंची घ्यावी, काटकोनी एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड वापरावेत आणि अर्धा इंची नळी फक्त शेवटच्या हातभर अंतरात, तोटीजवळ, येऊ द्यावी.